मोठ्या बाईंचं प्रात्यक्षिक

"हा चेंडू इथे कोणी आणून ठेवला?"

मोठ्या बाईंनी खोलीत पाऊल टाकलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी हा प्रश्न विचारला. खोली प्रसूतिगृहातली. पलंगावर त्यांची लेक पहाटेपासून कळा सोसत पडलेली, तिच्या उशाशी जावई मनगटावरच्या घड्याळात डोळे घालून बसलेला, आणि खिडकीखाली जाड रबरी चटईवर एक भलाथोरला निळा चेंडू. चांगला गुडघ्याच्या वर येईल एवढा.

"इथलाच आहे, आई," जावई म्हणाला. "त्यावर बसून कंबर गोल फिरवायची. बाळाला खाली सरकायला जागा मिळते. आम्हाला वर्गात शिकवलंय."

"वर्गात! अहो जावईबापू, एकतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली मी. बाळाला जागा कुठून मिळते ते आता मला चेंडू सांगणार?"

जावई घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर भिंग डोळ्याला लावून बसणारा माणूस, त्याचा आणि भांडणाचा संबंध नव्हता. त्याने नवीन कळ आली तशी वहीत वेळ लिहिली आणि बायकोचा हात धरला.

बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण वॉर्डातल्या हेडबाईचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. त्या आवाजाने एकतीस वर्षं एकच गोष्ट सांगितली होती: पाठीवर पड, हलू नकोस, आवाज करू नकोस. डॉक्टरसुद्धा त्या आवाजाला वचकून असत. लेक तर त्या आवाजातच लहानाची मोठी झालेली. म्हणून सकाळपासून इथल्या सिस्टर दोनदा येऊन "जरा उठताय का, चेंडूवर बसून बघा" असं गोड बोलून गेल्या, तरी लेकीने आईचा फोनवरचा हुकूम मानून पाठ काही पलंगावरून उचलली नव्हती. आता तर आई प्रत्यक्षच हजर.

तेवढ्यात सिस्टर आत आल्या आणि बाईंना पाहून दारातच थबकल्या. बाईंनीही त्यांना ओळखलं. पंधरा वर्षांपूर्वी ही मुलगी त्यांच्या हाताखाली शिकायला होती. रोज काहीतरी सांडायची, म्हणून बाईंनी तिचं नाव 'धांदरट' ठेवलं होतं आणि सगळा वॉर्ड तिला त्याच नावाने हाक मारायचा. ती धांदरट आता या मजल्याची प्रमुख होती.

"अगं बाई, धांदरट! तू इथे?"

"हो, बाई," सिस्टर हसून म्हणाल्या, पण त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी लेकीचं पोट तपासलं आणि आवाज जरा खाली आणला. "बाळाचे ठोके छान आहेत. पण बाळ पाठ मागे करून बसलंय, त्याची पाठ तुमच्या पाठीला लागून. म्हणून कंबरेत एवढं दुखतंय आणि पुढे काही सरकत नाही. तीन तास झाले, पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटरवरच आहे. डॉक्टर म्हणालेत साडेबारापर्यंत वाट बघू. नाहीतर ऑपरेशन."

लेकीने डोळे मिटून घेतले. तिला ऑपरेशनची भीती होती. गरजच पडली तर करायचंच, हे तिलाही कळत होतं. पण आधी होईल तेवढं करून बघायचं होतं. ते तिने सातव्या महिन्यापासून शंभरदा बोलून दाखवलं होतं.

"उठून ओणवं झालात, गुडघ्यांवर आलात, तर बाळ फिरायची शक्यता असते," सिस्टर म्हणाल्या. "खात्री नाही देत मी. पण बघायला काय हरकत आहे?"

लेकीने आईकडे पाहिलं.

"ही सर्कस आहे," आई म्हणाली. "गुमान पडून राहा."

लेक गुमान पडून राहिली. थोड्या वेळाने मात्र तिला बाथरूमला जायचं झालं. सिस्टर एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला, अशी वरात हळूहळू कॉरिडॉरमधून निघाली. जाताना सिस्टर इतकंच म्हणाल्या, "बाई, चेंडू तेवढा राहू द्या हं तिथेच."

आता 'राहू द्या' असं बाईंना कोणी सांगावं, आणि तेही धांदरटने! बाईंनी चेंडूकडे निरखून पाहिलं. त्यावर एक केस चिकटला होता. झालं! कुणाकुणाच्या बुडाखालून आलेली वस्तू, आणि माझ्या लेकीच्या खोलीत? बाईंनी पदर खोचला, चेंडू उचलून बेसिनपाशी नेला आणि बाटलीतला साबण भसाभस ओतून त्याला असा घासला, की जन्मात कोणी घासला नसेल. कोपऱ्यात कपाट होतं. चेंडू पुसायचा, कपाटात कोंबायचा, आणि किल्ली आपल्याकडे. नातेवाइकांनी आणलेल्या नसत्या वस्तूंचा त्यांनी एकतीस वर्षं असाच निकाल लावला होता.

पण पुसायला फडकं सापडेना. फडकं शोधता शोधता बाईंचं लक्ष खुर्चीकडे गेलं. खुर्चीवर पिशव्यांचा ढीग. आल्यापासून उभं राहून कंबर तर मोडून आली होती. बाईंनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी चेंडूकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर कंबर हे निमित्त. त्यांना बघायचं होतं.

त्या चटईवर चेंडू ठेवून हळूच टेकल्या. आणि काय सांगावं, बरं वाटलं! कंबरेतली गाठ कोणीतरी हाताने सोडवावी तसं वाटलं. त्यांनी एक गोल गिरकी घेतली. उजवीकडून डावीकडे. मग डावीकडून उजवीकडे. तिसऱ्या गिरकीला तर त्यांनी चक्क डोळे मिटले. "हं," असं त्या स्वतःशी म्हणाल्यासुद्धा.

चौथ्या गिरकीला साबणाने आपलं काम केलं. चेंडू खालून असा सटकला की बाई पुढे आणि तो मागे. तो जाऊन स्टीलच्या ट्रॉलीवर आदळला, ट्रॉलीवरचं भांडं खणखणत जमिनीवर आलं आणि गोल गोल फिरत बसलं, आणि चेंडू उड्या मारत उघड्या दारातून कॉरिडॉरमध्ये चालता झाला. बाई दोन्ही हात आणि दोन्ही गुडघ्यांवर चटईवर आल्या. लागलं काहीच नाही. "वाचले," असं म्हणून त्या उठायला गेल्या, आणि कंबरेत अशी उसण भरली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर होता येईना, खाली पडता येईना. कपाळ तेवढं चटईला टेकता आलं. बाकीचं अंग होतं तसं, वरच राहिलं.

जिच्यासमोर अख्खा वॉर्ड खुर्चीवरून उठून उभा राहायचा, ती बाई ओणवी होऊन चटईवर! बाईंचा चेहरा लाजेने लालबुंद झाला. आणि कॉरिडॉरमध्ये पावलांचा आवाज आला.

हाताखालून बाईंना उंबऱ्यावर पायांच्या तीन जोड्या दिसल्या. लेकीच्या सपाता, सिस्टरचे पांढरे बूट, जावयाचे बूट. पांढरे बूट एक पाऊल पुढे आले आणि थांबले.

"हा बाहेर जिन्यापाशी सापडला," जावई म्हणाला. त्याच्या बगलेत चेंडू असावा, कारण त्याच्या बुटांवर फेस गळत होता.

आता खरं सांगून टाकायला काय झालं होतं? 'पडले गं, उचला मला' एवढे चार शब्द. पण ते चार शब्द त्या तोंडातून कधी बाहेर पडलेलेच नव्हते.

"बघत काय उभ्या राहिलात?" चटईतून हेडबाईचा आवाज आला. "दाखवतेय! असं करायचं असतं ते!"

"बाई, तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या.

"का? मला येत नाही?"

"तू तर म्हणालीस सर्कस आहे," लेक म्हणाली.

"म्हणाले असेन. नीट करत नाहीत म्हणून म्हणाले. नीट केलं तर..." इथे उसणीने पुन्हा कळ मारली. "नीट केलं तर, आई गं, चांगलं असतं."

लेक जरा वेळ उभी राहिली. मग एक हात नवऱ्याच्या खांद्यावर टाकून ती हळूहळू खाली आली, आणि आईच्या शेजारी चटईवर हात-गुडघे टेकून ओणवी झाली. मायलेकी शेजारी शेजारी.

मग जे सुरू झालं ते बाईंनी स्वप्नातही बघितलं नव्हतं.

"कळ आली की कंबर डावीकडून उजवीकडे झुलवा," सिस्टर लेकीला सांगू लागल्या. "अशी नाही, सैल सोडा. बाई, तुम्ही जरा करून दाखवता? त्या तुमचं बघून करतील."

काय करतील बाई? पत घालवायची की कंबर, एवढाच प्रश्न होता. त्यांनी कंबर घालवली. झुलवली, आणि तोंडातून असा विव्हळण्याचा आवाज निघाला की कॉरिडॉरमधून जाणारी मावशी डोकावून गेली.

"वा! आवाजसुद्धा अगदी बरोबर काढताय, बाई," सिस्टर म्हणाल्या. "ऐकलंत ना? जबडा सैल, आवाज खोल. तस्सा काढा."

लेकीनेही तसा काढला. इकडे जावयाची तारांबळ उडाली. कळ आली की वेळ लिहायची हे त्याला वर्गात शिकवलेलं, पण आता विव्हळणाऱ्या दोघीजणी. माणूस प्रामाणिक. त्याने वहीत मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने पाडले.

"हिची कळ साठ सेकंद," तो काळजीने म्हणाला. "पण सिस्टर, आईंच्या दोन-दोन मिनिटांनी येतायत. त्यांच्या जास्त जवळजवळ आहेत हो."

"जावईबापू," चटई म्हणाली, "वही ठेवा खाली."

अर्धा तास गेला. बाईंना वाटत होतं की आता कोणीतरी म्हणेल, पुरे झालं, उठा. कोणी म्हणेना. उलट बरोबर साडेबाराला डॉक्टर आले, आणि एकटे आले नाहीत, दोन शिकाऊ डॉक्टर मुली बरोबर घेऊन आले. डॉक्टर पिकल्या केसांचे. उमेदवारीत बाईंच्याच वॉर्डात होते. ते दारात आले, त्यांनी चटईवरच्या दोन पाठी पाहिल्या, आणि त्यातली एक ओळखली.

"मोठ्या बाई?"

"नमस्कार, डॉक्टर," बाई चटईला म्हणाल्या.

डॉक्टर मागे वळून त्या दोन मुलींना म्हणाले, "ह्या बाईंनी मला एकदा भर वॉर्डात झापलं होतं, माहितीये? काय, तर मी एका पेशंटला उठून बसू दिलं होतं. आणि आज बघा! या वयात नवं शिकून, लेकीसाठी स्वतः जमिनीवर उतरून दाखवतायत. लक्षात ठेवा हे."

मुली लक्षात ठेवू लागल्या. एकीने तर वाकून बाईंच्या कंबरेचा कोन नीट पाहून घेतला. बाईंना वाटलं, ही चटई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर किती बरं होईल. आजवर त्यांची स्तुती पुष्कळ झाली होती, पण स्तुती ऐकताना अंगाला कुसळं टोचल्यासारखी टोचली, असं कधी झालं नव्हतं. 'मी पडलेय, डॉक्टर' हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात डॉक्टरांनी लेकीला तपासलं आणि म्हणाले, "सात झालंय. बाळ फिरायला लागलंय. ठोके उत्तम. चालू राहू द्या, मी तासाभराने येतो."

लेक हुंदका देऊन हसली. आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

सिस्टरनी चेंडू स्वच्छ पुसून आणला आणि लेकीपुढे ठेवला. गुडघ्यांवर बसून तिने त्याला मिठी मारली, गाल टेकवला, आणि कळ आली की त्याच्यासकट पुढे-मागे डोलू लागली. "बाई, तुम्ही आहात तशाच राहा," सिस्टर म्हणाल्या. "फक्त तिला हात द्या." बाईंनी हात दिला. लेकीने तो असा आवळला की कंबरेचं दुखणं दोन मिनिटं विसरायला झालं.

आणि मग लेक ओरडली. मोकळ्या गळ्याने, घसा फोडून ओरडली.

"आवाज क..." बाईंच्या तोंडातून निघालं आणि तिथेच अडलं. कारण खोलीत कोणीच तिला गप्प करत नव्हतं. सिस्टर म्हणत होत्या, "ओरडा, बाळा, ओरडा." बाई कपाळ टेकून ऐकत राहिल्या, आणि कुठली कोण एक बाई त्यांच्या डोळ्यांपुढे आली. फार जुनी गोष्ट. ती बाळंतपणाच्या टेबलावरून खाली उतरून अशीच हाता-गुडघ्यांवर आली होती, कोणी न शिकवता. बाईंनी आणि आयाने तिला धरून पुन्हा उताणं झोपवलं होतं. त्यावर ती काय म्हणाली होती? "चुकलं, बाई." ती म्हणाली होती, चुकलं! अशा किती असतील, त्याचा हिशेब बाईंकडे नव्हता. हा एक आवाज मात्र इतकी वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे. बाईंना इतकी लाज वाटली, की मघाची उसणीची लाज तिच्यापुढे काहीच नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ओणव्या माणसाची आसवं गालांवरून ओघळत नाहीत, सरळ टपटप खाली पडतात, आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता.

"आई रडतायत," जावई दचकून म्हणाला.

"रडू द्या," सिस्टर म्हणाल्या.

दोनला दहा मिनिटं कमी असताना, चेंडूला मिठी मारलेल्या लेकीने गुडघ्यांवरच बाळाला जन्म दिला. मुलगी. आजीला नात पहिल्यांदा दिसली ती स्वतःच्या काखेतून, उलटी. जावई घड्याळ बघायचं विसरला, आणि जन्माची वेळ सिस्टरना भिंतीवरच्या घड्याळावरून लिहावी लागली.

मग सिस्टर बाईंकडे वळल्या. एक हात त्यांच्या काखेत घातला, एक गुडघा त्यांच्या कंबरेला लावला, "श्वास सोडा" म्हणाल्या, आणि बाई कट्‌कन उभ्या. दोन सेकंदांचं काम. वर त्यांच्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी बांधली आणि खुर्ची रिकामी करून तीत बसवलं. जाता जाता म्हणाल्या, "बाई, डॉक्टर विचारत होते, दर आठवड्याला आमच्या वर्गात दाखवायला याल का म्हणून." बाईंनी मान खाली घातली. सिस्टर गेल्या. जावई बाहेर सगळ्यांना फोन करायला गेला.

खोलीत मायलेकी आणि बाळ उरलं. लेक पलंगावर बसून होती, बाळ तिच्या छातीशी. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की बाईंना तिच्याकडे बघवेना.

"तुला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. हा हेडबाईचा आवाज नव्हता. "मी काही दाखवत नव्हते गं. त्या मेल्या चेंडूवर चोरून बसायला गेले आणि आपटले. उसण भरली होती. उठताच येईना. सगळ्यांना मी खोटं सांगितलं. डॉक्टर एवढं बोलले आणि मी मुकाट ऐकून घेतलं."

लेक बाळाच्या बोटांशी खेळत होती. "ठाऊक आहे, आई."

"काय ठाऊक आहे?"

"तू पडलीस ते. केवढा मोठा खणखणाट झाला! सिस्टर तर तुला उचलायला धावल्याच होत्या. दारात मीच त्यांचा हात धरला."

बाई बघतच राहिल्या. "म्हणजे? ते दोन-दोन तास मला तसंच...? तू? अगं, मला मरणाच्या कळा येत होत्या!"

"माहितीये. वहीत लिहिल्यात ना ह्यांनी." लेक हसली. मग हसू थांबलं. "तू उठली असतीस, तर मला परत झोपवलं असतंस."

बाईंनी कंबरेची गरम पिशवी उगाच सरळ केली.

"आणि मी झोपले असते, आई."

बाहेर जावई कोणाला तरी मोठमोठ्याने वजन सांगत होता. बाईंना त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं, पण उठायचं म्हणजे कोणाला तरी हाक मारायची. त्या होत्या तिथेच बसून राहिल्या. रागवायचं म्हटलं तर राग येईना. लेक खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी खरं बोलली होती. ती नक्की झोपली असती.

बराच वेळ गेला. बाळ दूध पिऊन पेंगलं. लेक पलंगावर जराशी चुळबुळली, एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे सरकली. बाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. एकतीस वर्षांत जो प्रश्न त्यांनी एकाही बाळंतिणीला विचारला नव्हता, तो त्यांना विचारायचा होता. शेवटी त्या खाली बघत, शाळेतल्या नवीन पोरीसारख्या पुटपुटल्या,

"तुला... कसं बरं वाटेल गं? बसतेस? की उभी राहतेस जरा? की गुडघ्यांवर? तू सांगशील तसं करू."

लेकीने आईकडे रोखून पाहिलं. मग बाळाला आईच्या हातात देत ती म्हणाली,

"उताणं. चांगलं पाठीवर. आणि आई, आता दोन तास मला कोणी हलवू नका, की आवाज करू नका."

मोठ्या बाईंनी नातीला छातीशी धरलं, आणि आवाज केला नाही.